सुभेदार रामजी सकपाळ : एका शिपाई बापाची शिदोरी

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि विषय माझ्यावरच सोडला. बाबासाहेबांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माता रमाईवर आपल्या भगिनी फार चांगले बोलतात, ऐकताना डोळ्यांत पाणी येते. भगवान बुद्धांच्या धम्मावर भन्तेजींसमोर मी काय बोलावे? म्हणून आज मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याचे नाव आपण रोज घेतो, पण ज्याची आठवण वर्षातून एकदाही काढत नाही.

आपण म्हणतो, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. यातले ‘भीमराव’ आपल्याला ठाऊक. ‘आंबेडकर’ तर जगाला ठाऊक. पण मधले ‘रामजी’ कोण? ‘बाबासाहेबांचे वडील’ एवढेच उत्तर आपली लेकरं देतात आणि गप्प होतात. ते बरोबर आहे, पण ते पुरेसे नाही. आपल्या मराठी मुलखात मुलाच्या नावानंतर बापाचे नाव लावायची रीत आहे. बाप मधे उभा असतो, एका बाजूला पोरगा आणि दुसऱ्या बाजूला घराणे. रामजी असेच मधे उभे राहिले. त्यांनी पाठीमागचे ओझे पुढे जाऊ दिले नाही आणि हाताशी होते नव्हते ते सगळे पुढे दिले.

रामजींचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगडच्या बाजूचे. कोकणातले लहानसे खेडे. त्यांचे वडील मालोजी सकपाळ फौजेत शिपाई होते. रामजीही फौजेत गेले. त्यांची पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरची, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडची. त्यांचे वडीलही फौजेत सुभेदार. म्हणजे दोन्हीकडून शिपाईगिरीचे घर.

आपल्या माणसांनी फौजेची वाट का धरली, हे मुलांनी नीट समजून घ्यावे. गावात काय होते? वेसकरकी, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे आणि त्याच्या बदल्यात शिळी भाकर. फौजेत मात्र अंगावर वर्दी, दरमहा पगार आणि हातात बंदूक. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत आपले लोक लढले, तिथल्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना द्यायला 1927 साली गेले होते. पण माझ्या मते फौजेने आपल्याला बंदुकीपेक्षा मोठी एक गोष्ट दिली. ती म्हणजे पाटी-पेन्सिल. त्या काळच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवायची सोय होती. गावच्या शाळेच्या पायरीवर ज्याला उभे राहू देत नसत, त्याला पलटणीच्या शाळेत बाराखडी मिळाली.

रामजी त्या शाळेत शिकले. इतके चांगले शिकले, की पुढे लष्करी शाळेत शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले आणि चौदा वर्षे त्यांनी ते काम केले. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोचले. मराठीवर त्यांची हुकमत होती, इंग्रजीही चांगले येत होते. महात्मा जोतीराव फुल्यांबद्दल त्यांना मोठा आदर होता. ते कबीरपंथी. दारूला शिवत नसत, मांस खात नसत. छावणीत राहून दारूपासून दूर राहणे किती कठीण, ते इथे बसलेल्या माजी सैनिकांना मी सांगायला नको!

महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांच्या पोटी बाबासाहेब जन्मले. चौदावे अपत्य. चौदा ऐकून पोरे हसतात. पण मायबहिणींनो, त्या चौदांपैकी जगली किती? पाच. बळीराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. बाकीची नऊ लेकरं त्या मायबापांनी मातीत ठेवली. नऊ वेळा ज्या बापाने ओंजळभर देह उचलून नेला, त्याने वाचलेल्या पाचांना डोळ्यांत तेल घालून जपले, यात नवल नाही. रामजींचा कडक स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर आधी हा आकडा लक्षात ठेवावा.

बाबासाहेब दोन-तीन वर्षांचे असताना रामजी निवृत्त झाले. पेन्शन महिन्याला पन्नास रुपये. काही काळ कोकणात दापोलीला राहिले, मग सातारला स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. याच सुमारास आणखी एक घाव बसला. सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. शे-सव्वाशे वर्षे ज्यांनी रक्त सांडले, त्यांना सांगितले, तुम्ही आता लढाऊ जात नाही! रामजींचे स्वतःचे पेन्शन चालू होते. ते म्हणू शकले असते, माझे भागले, बाकीच्यांचे ते बघतील. पण ते तसे म्हणाले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज करण्यात पुढाकार घेतला. सरकारने तेव्हा ऐकले नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी केली आणि 1921 साली मोडूनही टाकली.

पण बापाचे अपुरे राहिलेले काम मुलाने पुरे केले. 1941 च्या जुलैत बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर गेले. त्यांनी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन कुठे उभी राहिली, ठाऊक आहे? आपल्याच कामठीला! आता या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. तिच्यात सगळ्या जातीधर्माचे जवान आहेत. तिने देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी 1987 साली श्रीलंकेत प्राण देऊन परमवीर चक्र मिळवले, तेही याच रेजिमेंटचे. आपल्या भागातले जे पोरगे सागरला भरती होऊन येतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की या वाटेसाठी पहिला अर्ज करणाऱ्यांत एक पेन्शनर सुभेदार होता.

आता घराकडे वळू या. सातारला भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. घरात लहान मुले आणि नोकरी फिरतीची. रामजींची बहीण मीराबाई पाठीने वाकलेली होती, तिने या मुलांना सांभाळले. आपल्या घरातल्या ज्या आत्या, ज्या विधवा बहिणी दुसऱ्याची लेकरं वाढवतात आणि ज्यांचे नाव कुठे येत नाही, त्या सर्वांची मीराबाई प्रतिनिधी आहे, असे मला वाटते.

7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले, ‘भिवा रामजी आंबेडकर’. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, 2017 सालापासून. त्या दाखल्याच्या मागे बापाचा निर्धार आहे. त्या शाळेत आपल्या मुलाला बाजूला बसवतील, पाणी वरून ओततील, हे रामजींना ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. तरी पाठवले. मुलाचा अपमान होऊ नये म्हणून त्याला घरी ठेवणारा बापही प्रेमळच असतो. पण अपमान होणार हे माहीत असून जो शाळेत पाठवतो आणि संध्याकाळी घरी त्याला धीर देतो, त्याच्या प्रेमाला आणखी एक धार असते.

पुढे रामजी गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळ पडला होता, लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. 1901 साली त्यांनी मुलांना सुटीत बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या घालून ही पोरे मसूर स्टेशनवर उतरली. पुढची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची. जवळ डबा भरलेला, आणि रात्रभर प्यायला पाण्याचा थेंब नाही. वडिलांना पत्र पाठवले होते, ते नोकराने त्यांना दिलेच नाही. म्हणून घ्यायला कोणी आले नाही.

ही गोष्ट आपण मुलाच्या बाजूने नेहमी ऐकतो. आज जरा बापाच्या बाजूने ऐका. हा माणूस दुष्काळी कामावरच्या पैशांचा हिशेब सांभाळतो आहे. सरकार त्याच्यावर खजिना सोपवते. आणि त्याच्या स्वतःच्या लेकरांना त्याच मुलखात घोटभर पाणी मिळत नाही. सकाळी ती पोरे कोरड्या घशाने दारात उभी राहिली तेव्हा त्या सुभेदाराला काय वाटले असेल? बाबासाहेबांनी ते लिहिले नाही. ज्यांना लेकरं आहेत त्यांना सांगायची गरजही नाही.

त्यानंतर बिऱ्हाड मुंबईला आले. परळला डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सरपण, जाते, बकरी आणि त्यातच अभ्यास. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. रामजींनी एक शिपाईगडी युक्ती काढली. मुलाने लवकर झोपायचे. बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, दोनला मुलाला उठवायचा आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः अंग टाकायचा. मुलगा तेलाच्या मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाचायचा. फौजेत रात्रीचा पहारा असतो ना, तसा हा पहारा. निवृत्तीनंतरही या शिपायाने पहारा सोडला नाही, फक्त पहाऱ्याची वस्तू बदलली. आधी छावणी होती, आता पोराचा अभ्यास.

पुस्तकांचे वेड तर विचारू नका. मुलगा अभ्यासाबाहेरचीही पुस्तके मागायचा. पेन्शनीत ती कशी यावीत? रामजी मुंबईतच दिलेल्या आपल्या मुलींकडे जायचे. एकीकडे पैसे नसले तर दुसरीकडे. पैसे नसतील तर लेक अंगावरचा डाग काढून द्यायची. तो मारवाड्याकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचे आणि पेन्शन हाती आली की डाग सोडवून लेकीला परत. पुन्हा पुस्तक, पुन्हा गहाण. बाबासाहेबांनीच ही आठवण सांगितली आहे. दोघांना शिकवणे झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. म्हणून मी म्हणतो, बाबासाहेबांच्या विद्वत्तेत मंजुळा-तुळसाचे सोने आहे, आनंदरावाची सोडलेली शाळा आहे, मीराबाईची वाकलेली पाठ आहे. एक माणूस मोठा होतो तेव्हा त्याच्याखाली सगळ्या घराचे खांदे असतात.

आता एक नाजूक मुद्दा. काही तरुण मला विचारतात, रामजी तर मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत, रोज संध्याकाळी भजन म्हणायला लावत, मग आपण बौद्धांनी त्यांना का मानायचे? प्रश्न रास्त आहे. आणि हाच प्रश्न बाबासाहेबांनी लहानपणी वडिलांना तोंडावर विचारला होता! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ती हकीकत आहे. इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर वस्तीतल्या लोकांना सभा घ्यायची होती. रामजी नको म्हणत होते, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. शेवटी रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची समजूत घातली. सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना बक्षीस दिले. ते वाचून मुलाने बापाला विचारले, आम्हाला बुद्धाची पुस्तके न देता ही ब्राह्मण-क्षत्रियांच्या मोठेपणाची पुराणे का वाचायला लावता?

रामजींना राग आला. बाप होते ते, आणि सुभेदार! पण मग त्यांनी जे उत्तर दिले त्याचा अर्थ असा, की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड शिरण्याची भीती मोठी. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही साधी माणसे किती उंच गेली ते बघ, म्हणजे तुझा न्यूनगंड जाईल. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने पुढे वेगळी वाट शोधली, आणि ती वाट आपल्याला 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेऊन गेली.

तर यात रामजींचे चुकले काय आणि बरोबर काय? ग्रंथ कोणता द्यावा याबाबत बाबासाहेबांनी त्यांना मानले नाही, आपणही मानायचे कारण नाही. पण रोग कोणता आहे ते त्या बापाने अचूक ओळखले होते, मनातला न्यूनगंड! हाताशी जे औषध होते ते त्यांनी दिले. त्याहून चांगले औषध मुलाने शोधले. आणि घरात बापाला प्रश्न विचारता येत होता, हेही कमी नाही. ज्या घरात लेकरू बापाला ‘का’ म्हणून विचारू शकते, त्याच घरातून प्रज्ञा बाहेर पडते.

सगळेच गोड होते असेही नाही. रामजींनी दुसरे लग्न केले, ते लहानग्या भीमाला आवडले नाही. आईचे दागिने नव्या आईच्या अंगावर पाहून तो चिडला. आपण कमवायचे आणि घर सोडायचे असे त्याने ठरवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे रामजींनी भीमरावांचे लग्नही लहान वयातच भायखळ्याच्या बाजारात रात्री उरकले. ते जमान्यातले माणूस होते. देव करून त्यांना मखरात बसवायचे मला मुळीच पसंत नाही. माणूस म्हणूनच ते मोठे आहेत.

भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव बी.ए. झाले. महाराजांच्या नोकरीसाठी ते बडोद्याला निघाले तेव्हा रामजी जाऊ नको म्हणत होते. भीमराव गेले. थोड्याच दिवसांत तार आली, वडील आजारी आहेत. परतताना ते सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे मिटले. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. रामजींना कोलंबिया विद्यापीठ दिसले नाही, महाडचे तळे दिसले नाही, संविधान दिसले नाही, दीक्षाभूमी दिसली नाही. पेरणारा गेला आणि पीक नंतर आले. पण मुलगा विसरला नाही. 1923 साली लंडनला ‘रुपयाचा प्रश्न’ हा जाडजूड ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसले, त्याची कृतज्ञता म्हणून. बापाला याहून मोठे पेन्शन कोणते?

बंधू-भगिनींनो, भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, तो भन्तेजी आपल्याला वर्षावासात सांगतात. त्यात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत. लेकरांना वाईटापासून रोखावे, चांगल्याला लावावे, विद्या-शिल्प शिकवावे, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा हाती सोपवावा. रामजी बौद्ध नव्हते. पण ही पाच बोटे मोडून बघा. वारशात त्यांच्याकडे जमीन नव्हती, वाडा नव्हता. एक इंग्रजी व्याकरण, एक भाषांतराचे पुस्तक आणि पहाटे उठायची सवय, एवढाच वारसा. तेवढ्यावर देशाचे संविधान उभे राहिले.

आता आपल्या तुमसरचे बोलू. आपल्यातले कोणी चिखला, डोंगरीच्या मॅंगनीजच्या खाणीत राबले, कोणी राईस मिलमध्ये पोती उचलली, कितीतरी मायमाउल्यांनी रात्री दिव्याखाली विड्या वळल्या. 1954 साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. ते पडले, ही खंत आपल्या आजोबांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. पण निवडणुकीत पडलेल्या बाबासाहेबांना आपण घराघरात निवडून आणू शकतो. ते कसे? रामजींसारखे बाप होऊन!

आज आपल्यापैकी पुष्कळांची पेन्शन रामजींपेक्षा बरी आहे. घरात लाईट आहे, पोराला वेगळी खोलीही आहे. पण रात्री दोनला पोराला उठवायला कोण जागे आहे? पोरगा शिकतो आणि बाप बाजूच्या खोलीत मोठ्याने टीव्ही लावून बसतो. कुठे पगार झाला की बाटली येते आणि फी मागे पडते. माझे बोल कडू लागत असतील तर माफ करा, पण विहारात खरे बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिले, या विहाराचा हॉल परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यासासाठी उघडा ठेवावा, आणि आपल्या वस्तीतल्या निवृत्त मंडळींनी, विशेषतः माजी सैनिकांनी, पाळीपाळीने तिथे बसावे. शिकवता आले नाही तरी चालेल, नुसते जागे राहावे. दुसरे, दर 2 फेब्रुवारीला इथे पितृकृतज्ञता दिन करावा. त्या दिवशी मुलांनी आपल्या आजा-बापाची हकीकत विचारून वहीत लिहून आणावी. आपले खाणीतले, बिडीतले, पलटणीतले म्हातारे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर आपला इतिहासही जातो आहे. तिसरे, मुलीचे शिक्षण. मंजुळा-तुळसाचे दागिने भावाच्या पुस्तकांसाठी गहाण पडले. ते ऋण फेडायचे असेल तर आता पुस्तक आधी लेकीच्या हातात पडले पाहिजे.

रामजींचा पुतळा बांधा असे मी म्हणणार नाही. आपल्या लेकराच्या नावाच्या मधोमध आपले नाव आहे, ते तिथे शोभेल असे वागू या, एवढेच.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!